खेळ आणि पहिली इयत्ता

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. सावली तालुक्यात त्याच सुमारास धानाचे पऱ्हे टाकण्याची घाई असते आणि पुढे लवकरच रोवणी सुरू होते. घरातील मोठी माणसे सकाळीच बांधीवर निघून जातात. अशा दिवसांत सहा वर्षांचे मूल पहिल्या इयत्तेच्या वर्गात येऊन बसते. शिक्षक फळ्यावर अंक लिहून ‘हे किती?’ असे विचारतात. मूल मान खाली घालते. पुन्हा विचारले असता ते शेजाऱ्याच्या पाठीमागे सरकते. आठवडाभर असेच चालले म्हणजे हजेरीपटावर नसला तरी शिक्षकांच्या मनात त्या मुलाच्या नावापुढे ‘मंद’ असा शेरा पडतो.

तेच मूल मधल्या सुट्टीत चिंचेच्या झाडाखाली पाहावे. त्याच्या मुठीत चिंचोके असतात. चौघा गड्यांत ते सारखे वाटून घेण्याचे काम त्याच्याकडेच असते आणि वाटणीबद्दल कोणाची तक्रार नसते. एखाद्या गड्याने सात चिंचोके जिंकून आठ सांगितले, तर ते मूल तत्काळ हरकत घेते. वर्गात ज्याला तीनचा अंक सांगता आला नाही, त्याला सात आणि आठ यांतील भेद झाडाखाली अचूक कळतो. म्हणजे ज्ञान त्याच्याजवळ होते, परंतु ते वर्गाच्या दाराशी अडले. हे दार उघडावयाचे कसे, हा पहिल्या व दुसऱ्या इयत्तेच्या शिक्षकांपुढील मुख्य प्रश्न होय आणि खेळ हे त्याचे सर्वांत स्वाभाविक उत्तर आहे.

खेळाचे स्वरूप

खेळ म्हणजे अभ्यासातून मिळालेली सुट्टी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मोठ्या माणसांच्या बाबतीत ती पुष्कळ अंशी खरी आहे. तीन ते आठ वर्षांच्या बालकाच्या बाबतीत मात्र ती लागू पडत नाही. या वयात हात, डोळे, कान आणि जीभ यांच्या साहाय्याने मूल जगाची ओळख करून घेत असते व त्या उद्योगालाच आपण खेळ असे नाव देतो. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली व १८४० मध्ये तिला ‘मुलांची बाग’ या अर्थाचे किंडरगार्टन हे नाव दिले. खेळ हाच त्यांच्या पद्धतीचा पाया होता. पुढे १९०७ मध्ये डॉ. मारिया मॉन्टेसोरी यांनी रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह उघडले. तेथे साहित्य हाताळण्यात गढून गेलेल्या मुलांच्या उद्योगास त्यांनी ‘काम’ असेच म्हटले. दोघांच्या शब्दांत फरक असला तरी मुलाच्या स्वयंस्फूर्त उद्योगात त्याची बुद्धी घडत असते, याविषयी दोघांचे एकमत होते.

यासाठी परदेशातील ग्रंथच पाहावयास हवेत असे नाही. गावातील खेळ बारकाईने पाहिले तरी पुरे. लगोरी रचताना मूल चपट्या दगडांपैकी मोठा दगड तळाशी व लहान दगड वर ठेवते. आकारांची तुलना करून क्रम लावणे ही गणिताची पहिली पायरी त्यातच येते. सागरगोटे खेळताना एक गोटा हवेत असतो, तेवढ्या क्षणात जमिनीवरील दोन की तीन गोटे उचलावयाचे हे ठरवावे लागते. पुढे पेन्सिल धरावयाची असते ती याच बोटांनी. भातुकलीत मुली आणि मुलगे आईची, मामाची, दुकानदाराची भाषा बोलतात. प्रत्येक पात्राला साजेसे बोलणे साधणे हा भाषेचा उत्तम अभ्यास होय.

विटीदांडूचे उदाहरण तर मोठे मनोरंजक आहे. विटी किती दूर गेली हे मुले दांडूने मोजतात. एकच माप पुन्हा पुन्हा लावून लांबी काढावयाची, हे मापनाचे तत्त्व कोणी न शिकवता त्यांच्या हाती येते. महाराष्ट्राच्या पुष्कळ भागांत हे मोजताना ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे शब्द वापरण्याची जुनी रीत आहे. तेलुगू भाषेतील एक, दोन, तीन, चार या अंकांशी त्यांचे साम्य उघड दिसते. परभाषेतील अंक मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या बिनचूक पाठ ठेवले. त्यासाठी कोणी घोकंपट्टी करून घेतली नव्हती आणि कोणी छडीही उगारली नव्हती. खेळात त्यांची गरज होती, एवढेच पुरेसे झाले.

बोर्डी आणि कोसबाड येथील अनुभव

खेळातून शिक्षण ही शहरातील सुखवस्तू मुलांसाठी असलेली गोष्ट आहे, असा आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप महाराष्ट्रातच प्रत्यक्ष कार्याने खोडून निघाला आहे. ते कार्य वनभागातील शिक्षकांनी विशेष लक्षपूर्वक समजून घेण्याजोगे आहे.

गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांच्या सहकारी म्हणून श्रीमती ताराबाई मोडक आल्या. या उभयतांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार चालविला. शहरातील काम चांगले चालले असताना, ज्यांच्या दारापर्यंत शिक्षण कधी पोचलेच नाही अशा मुलांचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. म्हणून १९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे व हल्लीच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या गावी आल्या आणि तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. श्रीमती अनुताई वाघ याच कामात त्यांना येऊन मिळाल्या.

बोर्डीत पहिली अडचण आली ती अशी की, बालवाडी उघडली तरी गरीब वस्तीतील मुले तेथपर्यंत येत नसत. आईबाप मजुरीला जात व धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम मुलांकडे असे. मुले येत नाहीत म्हणून पालकांना दोष देणे सोपे होते. या दोघींनी तसे केले नाही. त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. एखाद्या घरापुढील अंगणात मुले जमवावयाची, त्यांची स्वच्छता करावयाची, गाणी म्हणावयाची, गोष्टी सांगावयाच्या आणि हाताला मिळेल त्या साहित्याने खेळ घ्यावयाचे, असा क्रम सुरू झाला. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. भारत सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि त्यानंतर हे नाव देशभर घरोघरी पोचले. त्याची मुळे बोर्डीच्या अंगणात आहेत.

पुढे १९५० नंतरच्या दशकात हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुलांपुढे दुसरीच अडचण होती. थोडी मोठी मुले गुरे घेऊन दिवसभर रानात असत. मग शिक्षक साहित्य घेऊन कुरणात जाऊ लागले. गुरे चरत असताना झाडाच्या सावलीत शाळा भरे. तिला कुरणशाळा म्हणत. मॉन्टेसोरी पद्धतीचे लाकडी साहित्य महाग असे व ते खेड्यात मिळणेही कठीण होते. त्याऐवजी बिया, खडे, शिंपले, पाने, फुले व काड्या यांचा उपयोग करण्यात आला. तत्त्व मॉन्टेसोरी बाईंचे राहिले आणि साहित्य रानातले झाले. या कार्याबद्दल ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण व अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

या अनुभवातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक म्हणजे मूल शाळेत रमत नसेल, तर प्रथम शाळेने आपली जागा व रीत बदलून पाहावी. दुसरी गोष्ट अशी की, उत्तम साहित्य मुलाच्या परिचयाचे असते. ते विकतच आणले पाहिजे असे नाही.

सावली परिसरातील साहित्य

हाताच्या कामाचे महत्त्व सावलीला नवे नाही. येथील खादीचे काम जुने आहे. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन सावली येथे भरले होते व त्यासाठी महात्मा गांधी स्वतः येथे आले होते. त्यानंतर दुसऱ्याच वर्षी, म्हणजे ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्धा येथील परिषदेत त्यांनी हाताच्या उद्योगातून शिक्षण देण्याचा विचार देशापुढे मांडला. मोठ्या मुलांच्या बाबतीत जे स्थान उद्योगाला आहे, तेच लहान मुलांच्या बाबतीत खेळाला आहे.

साहित्याच्या दृष्टीने हा भाग श्रीमंत आहे. चिंचोके, सीताफळाच्या व मोहाच्या बिया, बांबूच्या काड्या, पळसाची पाने, धानाच्या लोंब्या, तलावाकाठची चिकणमाती हे सर्व फुकट मिळते. यांतील प्रत्येक वस्तूला मुलाच्या घरी काही अर्थ आहे, हा त्यांचा आणखी एक गुण. मात्र एक सावधगिरी अवश्य बाळगावी. गुंजेची लालकाळी बी दिसावयास सुंदर असली तरी विषारी आहे. एरंड व धोतरा यांच्या बियाही विषारी आहेत. त्या वर्गात आणू नयेत आणि मुलांनी आणल्यास काढून घ्याव्यात. अंगणवाडीतील लहान मुले बी तोंडात, नाकात किंवा कानात घालतात. त्यांच्या हाती बारीक बिया मुळीच देऊ नयेत.

साहित्याइतकीच भाषा महत्त्वाची आहे. या भागातील पुष्कळ मुलांची घरची बोली झाडीबोली असते आणि काही गावांत मुले घरी गोंडी बोलतात. झाडीबोलीत ‘ण’ऐवजी ‘न’ येतो. मूल ‘पानी’ म्हणते आणि वर्ग हसतो, किंवा शिक्षक लगेच शुद्ध उच्चार करावयास लावतात. परिणाम असा होतो की, दुसऱ्या दिवशी मूल तहान लागली तरी बोलत नाही. खेळात असे घडत नाही, कारण तेथे बोलणे कामापुरते असते व सर्वांना कळलेले असते. म्हणून पहिल्या काही महिन्यांत खेळताना मुलाच्या बोलीस मज्जाव करू नये. शिक्षकांनी स्वतः प्रमाण शब्द सहज वापरावा. मूल तो ऐकते व कालांतराने उचलते. गोंडी बोलणाऱ्या मुलाकडून प्राण्यांची व झाडांची नावे विचारून घेऊन ती साऱ्या वर्गाला म्हणावयास लावली, तर त्या मुलाला त्या दिवशी आपणही काही शिकवू शकतो असे वाटते. त्या एका अनुभवाने त्याचे पुढील वर्ष बदलू शकते.

वर्गात घेण्याजोगे काही खेळ

(१) चिंचोक्यांचे फासे. — चिंचोका मधोमध फोडला म्हणजे त्याची एक बाजू पांढरी व दुसरी तपकिरी दिसते. असे दहा तुकडे प्रत्येक गटास द्यावेत. मुलाने ते हातात खुळखुळवून टाकावेत व पांढरे किती, तपकिरी किती हे सांगावे. कधी चार व सहा, कधी सात व तीन पडतील. काही दिवसांनी शिक्षकांनी तपकिरी तुकड्यांवर हात ठेवून ‘झाकलेले किती?’ असे विचारावे. मुले मोजल्यावाचून सांगू लागली म्हणजे दहाची घडण त्यांना समजली असे मानावे. त्यानंतरच ४ + ६ = १० असे पाटीवर लिहून दाखवावे. आधी हात, मग तोंड, मग चित्र आणि शेवटी चिन्ह, हा क्रम कधीही उलटा करू नये.

(२) पुडे बांधणे. — उन्हाळ्यात या भागातील कुटुंबे तेंदूपाने गोळा करतात व सत्तर पानांचा एक पुडा बांधतात. मुलांनी हे घरी पाहिलेले असते. दुसरीच्या मुलांना कोणत्याही झाडाची पडलेली पाने किंवा बांबूच्या काड्या देऊन दहा-दहाच्या जुड्या करावयास सांगाव्यात. अशा सात जुड्या एकत्र बांधल्या की घरचा पुडा तयार होतो. एका पुड्याला आणखी किती पाने घातली म्हणजे शंभर होतील, दोन पुड्यांत दहाच्या जुड्या किती, असे प्रश्न मुले स्वतःच काढू लागतात. दशक व एकक यांचा अर्थ पुस्तकातील चित्रापेक्षा येथे लवकर कळतो. शिवाय आईबापांचे कष्ट हा हिशेबाचा विषय आहे, ही जाणीवही होते.

(३) ओल्या मातीवरील रेघा. — अक्षरलेखनापूर्वी बोटांची तयारी व्हावी लागते. चिकणमातीचे बैल, चूल, भाकरी करणे, बारीक वाळूत बोटाने उभ्या, आडव्या व गोल रेघा काढणे, यांनी ती होते. ज्या मुलाला वर्तुळ व अर्धवर्तुळ सहज काढता येते, त्याला ‘व’ व ‘क’ काढणे जड जात नाही.

(४) आठवडी बाजार. — वर्गाच्या एका कोपऱ्यात बाजार मांडावा. पाने म्हणजे भाजी, खडे म्हणजे नाणी. विकणारे व घेणारे दर दिवशी बदलावेत. जे मूल प्रश्नाला उत्तर देत नाही, ते गिऱ्हाइकाशी घासाघीस करू लागते, हे शिक्षकांना अल्पकाळातच दिसून येईल. पुढे मालावर नावाच्या व किमतीच्या चिठ्ठ्या ठेवल्या की वाचनाची गरज आपोआप निर्माण होते.

शिक्षकांचे काम

खेळातून शिक्षण म्हणजे मुलांना मैदानात सोडून शिक्षकांनी नोंदवह्या भरीत बसणे नव्हे. मोकळा खेळ मुलांना मिळालाच पाहिजे, तो त्यांचा हक्क आहे. परंतु ज्या खेळातून विशिष्ट गोष्ट शिकवावयाची आहे, तेथे शिक्षकांस तीन कामे करावी लागतात. खेळापूर्वी साहित्य मांडून ठेवणे व आज काय साधावयाचे ते मनाशी ठरविणे हे पहिले. खेळ चालू असता कमी बोलणे व अधिक पाहणे हे दुसरे. खेळ संपताच दोन मिनिटे मुलांशी बोलून, काय केले व काय आढळले हे त्यांच्याच तोंडून वदविणे हे तिसरे. तिसरे काम राहून गेले तर खेळातील शिकणे बहुधा खेळातच राहते.

पाहिलेले टिपून ठेवावे. रोज केवळ चार मुलांकडे विशेष लक्ष देऊन प्रत्येकाविषयी एक ओळ लिहिली, तर चोवीस मुलांचा वर्ग आठवड्याच्या सहा दिवसांत पाहून होतो. ‘पाचपर्यंत वाटणी करतो, बोलत नाही’, ‘गोष्टीत वाघ झाली, प्रथमच मोठ्याने बोलली’, अशा ओळी महिन्याच्या परीक्षेपेक्षा अधिक सांगून जातात.

जेथे एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता आहेत, तेथे हे कसे जमावे, असा प्रश्न रास्त आहे. अशा शाळेत सर्व खेळ एकाच वेळी घेऊ नयेत. पहिली-दुसरीच्या मुलांचे तीन गट करून तीन कोपऱ्यांत साहित्य ठेवावे व वीस मिनिटांनी गट बदलावेत. तेवढ्या वेळात वरच्या इयत्तेचा पाठ घेता येतो. मोठ्या मुलांना पाळीपाळीने गटप्रमुख करावे. मात्र एकाच मुलावर किंवा मुलीवर ते काम रोज टाकून त्यांचा अभ्यास बुडवू नये.

आक्षेप व त्यांचे निरसन

‘गुरुजी शिकवीत नाहीत, नुसते खेळवितात’, अशी तक्रार पालक करतात. तिच्यामागे मुलाविषयीची काळजी असते. आपल्याला जे मिळाले नाही ते मुलाला मिळावे, ही त्यांची इच्छा असते. म्हणून या तक्रारीचा राग मानू नये. महिन्यातून एका शनिवारी पालकांना वर्गात बोलवावे व मुलांनी त्यांच्यासमोर चिंचोक्यांचा किंवा पुड्यांचा खेळ खेळून हिशेब सांगावा. जी आई हजारो पाने मोजते, तिला त्या हिशेबाचे मोल निराळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा आक्षेप अभ्यासक्रमाचा. खेळाने अक्षरे येतात काय? केवळ खेळाने येत नाहीत, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. अक्षर व ध्वनी यांचा संबंध शिक्षकांनी स्पष्टपणे व क्रमाने शिकवावाच लागतो आणि वाचनाचा रोजचा सरावही लागतो. खेळ त्यासाठी भूमी तयार करतो. नांगरणी-चिखलणीवाचून रोवणी होत नाही आणि चिखलणी केली म्हणून रोवणी टाळूनही चालत नाही, हे धानाच्या प्रदेशातील शिक्षकांना सांगावयास नको.

या विचारास आता कायद्याचा व धोरणाचाही आधार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कृती व शोध यांच्याद्वारे, मुलांना भयमुक्त ठेवून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे व शक्य तेथवर मातृभाषेचे माध्यम असावे असेही सांगितले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून त्यात खेळाला प्रमुख स्थान दिले. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी ‘विद्याप्रवेश’ हा तीन महिन्यांचा खेळाधिष्ठित कार्यक्रम २०२१ मध्ये जाहीर झाला आणि २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ हे खेळसाहित्य देशापुढे आले. पेटी शाळेत आली तर तिचा वापर करावा. ती कपाटात जपून ठेवण्यासाठी नाही. पेटी आली नाही तरी शाळेबाहेर चिंचेचे झाड आहेच.

ज्या घरातील पहिलेच मूल शाळेत येत आहे, त्या घराच्या दृष्टीने पहिल्या इयत्तेचे पहिले काही महिने निर्णायक असतात. आपल्याला काही येत नाही, अशी मुलाची समजूत त्या दिवसांत झाली, तर पुढे अनुपस्थिती वाढते, मग गुरे राखणे किंवा भावंडे सांभाळणे सुरू होते आणि एके दिवशी पटावरील नाव नावापुरतेच उरते. याउलट, आपल्याला जे येते ते शाळेत चालते, एवढे त्याला कळले, तर ते पावसाची सर असली तरी डोक्यावर पोते घेऊन शाळेत येते. म्हणून शाळा उघडल्यावर पहिल्या दिवशी फळ्याकडे वळण्यापूर्वी शिक्षकांनी मधल्या सुट्टीत झाडाखाली जाऊन थोडा वेळ उभे राहावे, मुले काय खेळतात ते पाहावे आणि दुसऱ्या दिवशीचा पाठ तेथूनच सुरू करावा.